मोजणीच्या दिवशी शेतात थांबा

वर्षभर या सदरात भाडेकरार, सोसायटीची गळती आणि मृत्युपत्रं यांचीच पत्रं येत होती. गेल्या दोन महिन्यांत मात्र टपालाचा गठ्ठा उघडला की सातबाऱ्याच्या झेरॉक्स बाहेर पडतात. कुणाची जमीन रिंगरोडमध्ये, कुणाची विमानतळात, कुणाच्या वडिलोपार्जित तुकड्यावर महापालिकेचं आरक्षण. म्हणून हा अंक त्यांचा. पहिल्या पत्राला मी जास्त जागा दिली आहे. बाकीच्यांनी रागावू नये, त्यातलं निम्मं उत्तर तुमच्याही कामाचं आहे.

प्रश्न : नमस्कार ताई. मुळशी तालुक्यात आमची ६२ गुंठे जमीन आहे. त्यातले साधारण २० गुंठे रस्त्यात जाणार. २०१३ च्या भूसंपादन कायद्याची नोटीस आली आहे. पुढच्या आठवड्यात संयुक्त मोजणी आहे, पण माझी कंपनीत पहिली पाळी असते. वडील म्हणतात, सरकारी माणसं येतील, मोजून जातील, आपण उभं राहून काय करणार? वकील आत्ताच लावावा का? आणि संमती दिली तर २५ टक्के जास्त मिळतात असं ऐकतो, ती द्यावी का?

दादा, आधी त्या दिवसाची रजा टाका. पगार कापला गेला तरी चालेल. वकिलाचं नंतर बघू.

एवढ्या ठामपणे सांगते, कारण हे आमच्या घरात घडलं आहे. १९९४ साली दौंड तालुक्यातल्या आमच्या शेतातून रस्ता गेला. मोजणी मे महिन्यात होती. वडील त्या दिवशी चुलतभावाच्या मुलीच्या साखरपुड्याला बारामतीला गेले. घरी फक्त आजी. मोजणीवाले आले, साखळी ओढली, आजीनं सगळ्यांना ताक दिलं, ते पिऊन गेले. आमची विहीर दगडी बांधीव, चाळीस फूट खोल, ऐन मे महिन्यातही तळाला पुरुषभर पाणी. पंचनाम्यात लिहिलं गेलं, 'पडीक विहीर'. मोटर दुरुस्तीला नेली होती, त्यामुळे काठावर काही दिसलं नाही आणि आत वाकून बघायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. यात कुणाचा डाव होता असं मला आजही वाटत नाही. ऊन होतं, पुढं अजून सहा गट मोजायचे होते.

निवाड्यात, म्हणजे भरपाई ठरवणाऱ्या सरकारी आदेशात, त्या विहिरीपोटी जी रक्कम आली, त्यात तिचा कठडासुद्धा बांधून झाला नसता. वडिलांनी छापील पावतीवर सही करून चेक घेतला. पुढं वाढीव भरपाई मागायला गेले तेव्हा कळलं, की निषेध न नोंदवता पैसे उचलले असतील तर १८९४ च्या कायद्याच्या कलम १८ खाली अर्जच करता येत नाही. मी तेव्हा लॉच्या दुसऱ्या वर्षाला होते. भूसंपादनाचा पेपर तिसऱ्या वर्षाला होता.

तो कायदा आता गेला. १ जानेवारी २०१४ पासून २०१३ चा नवा भूसंपादन कायदा लागू झाला आणि तो शेतकऱ्याच्या दृष्टीनं पुष्कळच बरा आहे. पण निषेधाची ती अट नव्या कायद्यातही आहे, कलम ७७ मध्ये.

तर मोजणीच्या दिवशी काय करायचं? शेतात भूमी अभिलेखचा मोजणीदार येईल, ज्यांच्यासाठी जमीन जाते आहे त्या खात्याचा माणूस येईल आणि तलाठी येतील, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. त्यांच्याबरोबर बांधाबांधानं चाला. विहिरीत दोराला दगड बांधून सोडा, दोर किती ओला झाला ते टेपनं मोजा आणि तारीख-वेळ उमटेल असा फोटो काढा. वीजबिल खिशात ठेवा, मोटर चालू असल्याचा त्याहून सोपा पुरावा नाही. जमिनीखालची पाइपलाइन कुणालाच दिसत नाही, म्हणून आदल्या दिवशी दोन ठिकाणी माती उकरून ती उघडी करून ठेवा. झाडांपुढं नुसतं 'आंबा ४' लिहू देऊ नका. वय, बुंध्याचा घेर, फळ धरतं की नाही, हे यायला हवं, कारण पुढं किंमत काढणारा माणूस तुमच्या शेतात आलेला नसतो, त्याच्यापुढं फक्त हा कागद असतो. बांधावरची झाडं ई-पीक पाहणीत आधीच नोंदवलेली असतील तर उत्तम. पण आता घाईघाईनं नवी कलमं लावू नका. एका रात्रीत उगवलेल्या आमराया मीही पाहिल्या आहेत आणि अधिकाऱ्यांनी तर माझ्याहून जास्त पाहिल्या आहेत. अधिसूचनेनंतरची लागवड मोजत नाहीत, उलट तुमच्या खऱ्या झाडांवरही संशय येतो.

पंचनामा वाचून मगच सही करा. पटला नाही म्हणून सही न करता निघून जाऊ नका. सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहा: 'विहिरीत पाणी आहे, ४ आंब्यांची नोंद चुकीची आहे, मान्य नाही.' आणि दुसऱ्याच दिवशी तेच लेखी अर्जानं भूसंपादन अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्या, पोच घ्या.

एका विहिरीसाठी एवढा आटापिटा कशाला, याचा हिशोब मांडून दाखवते. आकडे मानलेले आहेत. समजा बाजारभाव गुंठ्याला १ लाख धरला. २० गुंठ्यांचे २० लाख. ग्रामीण भागात याला गुणक लागतो, तो शहरापासूनच्या अंतराप्रमाणे १ ते २ च्या दरम्यान असतो. तुम्हाला २ लागला असं धरू, म्हणजे ४० लाख. त्यात विहीर, झाडं, पाइपलाइन यांचे ३ लाख, झाले ४३. या सगळ्या बेरजेवर १०० टक्के दिलासा रक्कम (जमीन सक्तीनं घेतात म्हणून वर मिळणारी), म्हणजे ८६ लाख. शिवाय बाजारभावावर वर्षाला १२ टक्के, अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत किंवा ताब्यापर्यंत, जे आधी होईल तोवर. आता बघा, ३ लाखांची विहीर पंचनाम्यातून सुटली तर तुमचे ३ नाही, ६ लाख जातात.

तो बाजारभाव कुठून येतो? कलम २६ सांगतं, की रेडी रेकनरचा दर आणि जवळपासच्या तशाच जमिनींच्या मागच्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांची सरासरी, यातला जो जास्त तो. सरासरी काढताना सगळी खतं घेत नाहीत, जास्त किमतीची वरची निम्मी घेतात. म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयातून गावातल्या व्यवहारांच्या 'सूची दोन' (इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या खताचा गोषवारा) काढा आणि कलम २१ च्या नोटिशीवर जी सुनावणी लागेल तिथे लेखी मागणीला जोडा. 'साहेब, आमच्याकडं लाखानं जातंय' असं तोंडी सांगून काही होत नाही. दुर्दैव असं, की गावागावांत मुद्रांक वाचवायला खतावर कमी रक्कम दाखवायची सवय आहे. शेजाऱ्यानं पाच वर्षांपूर्वी केलेली ती हुशारी आज तुम्हाला नडते.

राहिलेल्या ४२ गुंठ्यांना वाट उरते का, पाणी पोचतं का, हेही त्याच मागणीत लिहा. तुकडा पडल्याचं नुकसान कलम २८ खाली मागता येतं, पण न मागता कुणी देत नाही.

आता संमती. २५ टक्के वाढीव हे खरं आहे, थेट खरेदीच्या पद्धतीत तसं देतात आणि पैसे लवकर हातात येतात. पण संमती दिलीत की वाढीव भरपाई मागायचा दरवाजा बंद. त्यामुळे आधी मूळ आकडा बघायचा. २५ टक्के कशावर? विहीर सुटलेल्या आकड्यावर घेतले तर तोटाच. मूल्यांकनाचा तपशील लेखी मागा, विहीर-झाडं-पाइपलाइन त्यात आहेत का ते बघा, दर सूची दोनशी ताडून पाहा. सगळं जुळलं तर संमती द्या, असं मी कोर्टात उभी राहणारी बाई असूनही सांगते. वाढीव भरपाईचे दावे वर्षानुवर्षं चालतात आणि तुमच्या वडिलांचं वय तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही.

नाही जुळलं तर निवाडा होऊ द्या. आता पैसे थेट बँकेत येतात, पावतीवर सही करायची वेळच येत नाही. म्हणून खात्याचा तपशील देतानाच पत्र द्या: 'सदर रक्कम निषेध नोंदवून, वाढीव भरपाई मागण्याचा हक्क राखून स्वीकारत आहे.' पोच घ्या. मग कलम ६४ खाली अर्ज. निवाडा जाहीर होताना तुम्ही हजर असाल तर त्या तारखेपासून ६ आठवडे. नसाल तर नोटीस मिळाल्यापासून ६ आठवडे किंवा निवाड्यापासून ६ महिने, यात जे आधी संपेल ते. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून आणखी वर्षभरात अर्ज घेता येतो, पण त्या भरवशावर राहू नका. वकील लागेल तो इथे.

आणि नोटीस पुन्हा एकदा वाचा. वर कुठल्या कायद्याचं नाव आहे? तुमची २०१३ ची आहे म्हणून हे उत्तर. राष्ट्रीय महामार्गाची असती तर १९५६ चा कायदा लागला असता: हरकतीला ६० नाही, २१ दिवस, आणि भरपाईचा वाद प्राधिकरणाकडे (२०१३ च्या कायद्यातलं असे वाद ऐकणारं न्यायपीठ) नाही, लवादाकडे. रक्कम काढायची रीत मात्र १ जानेवारी २०१५ पासून तिथेही २०१३ चीच आहे.

प्रश्न : पर्वतीला आमचा ११ गुंठ्यांचा मोकळा प्लॉट आहे. १९८७ च्या विकास आराखड्यात त्यावर क्रीडांगणाचं आरक्षण पडलं, २०१७ च्या आराखड्यातही ते कायम राहिलं. महापालिका घेतही नाही, बांधूही देत नाही. आता पैशांऐवजी टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) घ्या म्हणतात. आम्हाला रोख हवी आहे.

टीडीआर तुमच्या गळ्यात घालता येत नाही. नगररचना कायद्याच्या कलम १२६ मध्ये तीन वाटा आहेत: वाटाघाटीनं रक्कम, टीडीआर किंवा एफएसआय, नाहीतर रीतसर भूसंपादन. टीडीआर मालक राजी असेल तरच. रोखीच्या या आग्रहापायी शहरात काय होतं ते कात्रज-कोंढवा रस्त्यावर रोज अडकणाऱ्यांना विचारा. ८४ मीटरचा रस्ता शेवटी ५० मीटरवर आणावा लागला. मालकांना मी दोष देत नाही. ज्याला दुसरी इमारत बांधायची नाही त्यानं टीडीआरचा कागद घेऊन त्याचा बाजारभाव चढायची वाट बघायची का?

तुमचं खरं दुखणं वेगळं आहे. कलम १२७ सांगतं, की आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन घेतली नाही तर मालकानं नोटीस द्यायची. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण संपतं. १९८७ च्या आराखड्याची १० वर्षं १९९७ मध्ये भरली. तेव्हापासून २०१७ पर्यंत वीस वर्षं तुमच्या हातात होती आणि नोटीस दिली गेली नाही. नवा आराखडा आला की घड्याळ पुन्हा शून्यावर येतं, हे सर्वोच्च न्यायालयानं पुण्याच्याच एका प्रकरणात सांगून टाकलं आहे. जुन्या हद्दीच्या आराखड्याला मंजुरी जानेवारी २०१७ ची, म्हणजे तुमची दहा वर्षं जानेवारी २०२७ ला भरतात. तुमच्या भागाची नेमकी तारीख नगररचना विभागातून लेखी घ्या. ती उलटली की मालकीच्या कागदांसह नोटीस द्या. कागद अपुरे असतील तर नोटीसच मोघम ठरवतात. आणि त्यानंतर 'ठराव केला आहे' असं पत्र आलं तर घाबरू नका. नुसता ठराव म्हणजे संपादनाचं पाऊल नव्हे.

प्रश्न : मी कोथरूडला राहते. माहेर खेड तालुक्यात. लग्न १९९१ चं, वडील २०११ मध्ये गेले. जमीन वडिलोपार्जित, वाटप कधी झालेलं नाही. आता ती रस्त्यात जाते आहे आणि भावांनी हक्कसोडपत्राचा मसुदा सहीसाठी पाठवला. 'दर भाऊबीजेला साडी घेतो ना' म्हणाले.

साडीची किंमत विचारा आणि एका गुंठ्याची विचारा. चिडून नाही, मला खरंच वाटतं की भावांनाही कुणीतरी हा हिशोब दाखवायला हवा.

२००५ च्या दुरुस्तीनं मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क आहे, लग्न कधीचंही असो. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वडील त्या दुरुस्तीच्या तारखेला हयात असण्याचीही गरज नाही असं सांगितलं. तुमचे तर होते. सही करू नका. सातबाऱ्यावर तुमचं नाव मालकांत आहे, 'इतर हक्कात' ढकललंय की मुळात नाहीच, ते बघा. मग वारसनोंदीच्या फेरफाराची प्रत जोडून भूसंपादन अधिकाऱ्यांकडे लेखी हरकत द्या, की वाटणीबाबत वाद आहे, रक्कम परस्पर कुणाला देऊ नये. असा वाद कलम ७६ खाली प्राधिकरणाकडे जातो आणि पैसे तिथे जमा होतात. हरकत पोचायच्या आत भावांनी रक्कम उचललीच, तरी तुमचा हिस्सा तुम्हाला देण्याची त्यांची जबाबदारी संपत नाही. फक्त तेव्हा दिवाणी दावा करावा लागेल आणि पैसे बहुधा स्कॉर्पिओत गेलेले असतील.

प्रश्न : निवाड्याचे ३८ लाख मंजूर झाले, हातात ३४ लाख २० हजार आले. १० टक्के टीडीएस कापला. बरोबर आहे का?

नाही. २०१३ च्या कायद्याचं कलम ९६ अशा निवाड्यावर प्राप्तिकर माफ करतं आणि ऑक्टोबर २०१६ च्या ३६ क्रमांकाच्या परिपत्रकात कर मंडळानंही ते मान्य केलं आहे. विवरणपत्र भरून ३ लाख ८० हजारांचा परतावा मागा. तुम्ही निवाड्याऐवजी खरेदीखत करून दिलं असेल तर मात्र आधी सीएला कागद दाखवा.

प्रश्न : १९८० च्या दशकात आमची जमीन संपादित झाली. वडिलांनी पैसे उचललेच नाहीत, ते अजून सरकारजमा आहेत. जमिनीला महापालिकेची भिंत आहे, आत गवत. पैसे घेतले नाहीत म्हणजे जमीन आमचीच ना?

मार्च २०२० च्या आधी हे पत्र आलं असतं तर मी म्हटलं असतं, उद्याच कागद घेऊन या. गंमत म्हणजे तुमच्या बाजूचा तो नियम पुण्यातूनच घडला होता. वनउद्यानासाठी घेतलेल्या ४३.९४ एकरांच्या प्रकरणात पुणे महापालिकेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१४ मध्ये निकाल दिला, की कोषागारात पैसे ठेवले म्हणजे मालकाला दिले असं होत नाही आणि असं जुनं संपादन रद्द होतं. त्यानंतर शिवाजीनगरला आमच्या बाररूममध्ये दुसरा विषय नव्हता. २०२० मध्ये इंदूरच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठानं ते उलटवलं. आता पैसेही दिले नाहीत आणि ताबाही घेतला नाही, असं दोन्ही असेल तरच संपादन रद्द होतं. तुमच्याकडं भिंत उभी आहे, म्हणजे ताबा गेला. पैसे मात्र तुमचेच आहेत, अर्ज करून ते काढा. त्या निकालानं माझ्याही दोन अशिलांच्या हातातोंडाशी आलेली जमीन गेली, त्यामुळे हे लिहिताना मला आनंद होत नाही.

प्रश्न : पुरंदर तालुक्यातून लिहितो. विमानतळाच्या सात गावांत आमचं गाव आहे. गावकी बसली आणि ठरलं, नोटीस कुणी घ्यायची नाही. घेतली नाही तर संपादन थांबतं का?

नाही थांबत, काका. नोटीस दारावर डकवतात, पंचनामा करतात आणि ती बजावली गेली असं धरतात. गावकीच्या निर्णयाबद्दल मी काही बोलणार नाही, तो तुमचा लढा आहे आणि लढायचा तुम्हाला हक्क आहे. पण तुमच्याकडं २०१३ चा नाही, १९६१ चा औद्योगिक विकास कायदा लावला आहे. त्यात कलम ३२(२) ची नोटीस म्हणजे म्हणणं मांडायची जागा. पुढं ३२(१) ची अधिसूचना राजपत्रात आली की जमीन तिथल्या तिथे शासनाची होते. निवाड्यापर्यंत वाट बघायला वेळ नसतो.

तेव्हा मोर्चाला जा, ठरावावर सही करा आणि हरकतही द्या. प्रत्येक खातेदाराची वेगळी, स्वतःच्या गट नंबरसह: किती बागायत, कोणती विहीर, घरात माणसं किती. अंजीर-सीताफळाची बाग असेल तर झाडांची संख्या घाला. पाच जणांची मिळून एक छापील हरकत देऊ नका, ती एकाच ओळीत निकाली निघते. दोन प्रती काढा, एकीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्या आणि ती घरी सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवा.